सहरीच्या वेळी वाजलेलं दार

रमजानमध्ये आमच्या घरात पहाटे चारला दिवा लागतो. रोजा सुरू होण्याआधीचं शेवटचं खाणं, म्हणजे सहरी, त्या वेळी होते. वाशिंदची आमची आळी तेव्हा गाढ झोपलेली असते. रुळांवरून जाणाऱ्या मालगाडीचा आवाज आणि आमच्या स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज, एवढीच काय ती जाग.

काही वर्षांपूर्वीच्या रमजानमध्ये अशाच एका पहाटे दार वाजलं. मागच्या चाळीतली ताई उभी होती. तिचा नवरा सेंट्रिंगच्या कामावर जायचा. आदल्या संध्याकाळी तो स्लॅबवरून घसरला, मांडीचं हाड मोडलं. आधी शहापूरला नेलं, तिथून ठाण्याला पाठवलं. दीर त्याच्यासोबत गेला होता आणि तिला आता पहिल्या लोकलने निघायचं होतं.

"भाभी, तुमच्याकडे दिवा दिसला म्हणून आले," ती माझ्या बायकोला म्हणाली. पदराच्या गाठीत तिने कानातल्या कुड्या बांधून आणल्या होत्या. "तीन हजार असतील तर द्या. या कुड्या ठेवा. दहाला सराफाचं दुकान उघडलं की जाऊ सासूला घेऊन जाईल, पैसे आणून देईल."

दवाखाना सरकारी होता. १०८ नंबरच्या गाडीलाही पैसे पडले नव्हते. मग तीन हजार कशाला? बाहेरून आणायच्या औषधाला, दोन माणसांच्या चहापाण्याला आणि जेवणाला, जाण्यायेण्याला. शिवाय गुरुवारी गटाचा हप्ता होता आणि नवऱ्याची मजुरी त्या दिवसापासून बंद झाली होती. उपचार फुकट असला तरी आजारपण फुकट नसतं.

कुड्या ठेवायचा प्रश्न नव्हता. पैसे दिले. ताईने ते पाचशे-पाचशे करून सहा महिन्यांत फेडले, एकही हप्ता न चुकवता. कुड्या आजही तिच्या कानात आहेत.

हे आमच्या चांगुलपणाची जाहिरात म्हणून सांगत नाही. माझ्या मनात राहिलं ते तिचं पहिलं वाक्य. ती आली ते आमच्याकडे दिवा दिसला म्हणून. रमजान नसता तर त्या वेळी आमचं घरही अंधारात असतं, तिने दार वाजवलं नसतं आणि दहा वाजता सराफाच्या दुकानाची पायरी चढली असती.

घाईची किंमत

गरिबाला संकट बुडवतं असं आपण म्हणतो. माझ्या पाहण्यात त्याला जास्त वेळा बुडवते ती घाई. हाड जुळतं, ताप उतरतो, पुराचं पाणीही ओसरतं. पण त्या दिवशी जो पैसा ज्या अटीवर उचलला, ती अट घरात मुक्कामाला राहते.

साधा हिशेब करू. पाच हजार रुपये शेकडा पाचने घेतले. बोलताना पाच टक्के हा आकडा लहान वाटतो, पण तो महिन्याचा असतो. महिन्याला अडीचशे रुपये व्याज, म्हणजे वर्षाला तीन हजार. वर्षभर व्याज भरूनही मुद्दल पाच हजारांची पाच हजारच. राज्यात २०१४ पासून सावकारीचा नवा कायदा आहे. परवाना लागतो, व्याजाला मर्यादा आहे. पण रात्री दीडला पैसे देणाऱ्याला परवाना कोण विचारणार?

जनावराचंही तेच. मुरबाड तालुक्यात म्हशाच्या जत्रेत चार गिऱ्हाइकं फिरतात, म्हणून बैलाला भाव येतो. तोच बैल श्रावणात, घरात माणूस आजारी असताना, दारात आलेल्या व्यापाऱ्याला विकला तर भाव निम्म्यावर येतो. बैल तोच, फक्त विकणाऱ्याला थांबायला वेळ नसतो आणि घेणाऱ्याला ते दिसतं.

एकेक पायरी

गरीब घर संकटात काय करतं, हे जवळून पाहिलं तर त्यात एक क्रम दिसतो.

पहिल्यांदा ताट आखडतं. भाजी जाते, डाळ पातळ होते, आणि घरातली बाई "मला भूक नाही" म्हणायला लागते. मग किराणा दुकानाच्या वहीत नाव चढतं. मग शेजारी, बहीण, मामा. मग भिशी. आमच्या मोहल्ल्यातल्या बायका तिला बीसी म्हणतात. ज्या बाईचा नंबर लागलेला असतो ती आपला नंबर अडचणीत असलेलीला देते. त्यासाठी ना कागद लागतो ना जामीन. त्यानंतर कोंबड्या, बकरी. आदिवासी वाडीत बकरी हीच बँक, कुठल्याही दिवशी मोडता येणारी. त्यानंतर अंगावरचं किडूकमिडूक.

इथपर्यंतच्या पायऱ्या उतरल्या तरी घर परत वर चढू शकतं. खरी भीती पुढची. मुलाची शाळा सुटते, बैल जातो, जमिनीचा तुकडा गहाण पडतो, आणि शेवटी पुढच्या हंगामाची मजुरी आगाऊ विकली जाते. या पायऱ्या उतरलेलं घर सहसा परत वर येत नाही. म्हणून मदत किती मिळाली याइतकंच, ती कोणत्या पायरीवर मिळाली हेही महत्त्वाचं असतं. वहीत नाव असताना दोन हजार मिळाले तर घर तरतं. बैल विकल्यावर वीस हजार मिळाले तरी तोच बैल परत येत नाही.

जगभर यावर अभ्यास झाले आहेत. डॅरिल कॉलिन्स, जोनाथन मॉर्डक, स्टुअर्ट रुदरफोर्ड आणि ऑरलँडा रुथवेन यांनी बांगलादेश, भारत आणि दक्षिण आफ्रिकेतल्या अडीचशेहून अधिक गरीब घरांच्या पैशाची ये-जा वर्षभर लिहून घेतली. त्यावरचं त्यांचं पुस्तक २००९ मध्ये आलं. एकही घर पैसे ठेवण्या-उचलण्याचे चारपेक्षा कमी मार्ग वापरत नव्हतं. ज्याच्याकडे पैसा कमी, त्याला तो जास्त हुशारीने हलवावा लागतो. "यांना पैशाची अक्कल नाही" असं बोलणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

अनिरुद्ध कृष्णा या अभ्यासकाने राजस्थान, गुजरात, आंध्र, केनिया, युगांडा, पेरू अशा ठिकाणच्या ३५ हजार घरांच्या कहाण्या गोळा केल्या. बरी चाललेली घरं गरिबीत का कोसळली, या प्रश्नाला जवळपास सगळीकडे सर्वांत वर एकच उत्तर होतं: आजारपण आणि त्याचा खर्च. २०१० मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकाच्या नावाचा अर्थच असा, की गरिबी फक्त एका आजारपणाइतकी दूर आहे. मागच्या चाळीतल्या ताईने हे पुस्तक वाचलेलं नाही. तिला वाचायची गरजही नाही.

तीन संकटं, तीन तारखा

आपल्या भागाचीच तीन वर्षं आठवून पाहा.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो आकडा सगळ्यांना पाठ आहे. त्याच पावसाने भातसा, काळू आणि उल्हास या नद्याही फुगल्या. रेल्वे बंद पडली. नदीकाठच्या घरांत चिखल शिरला, धान्य भिजलं, गोधड्या गेल्या. पहिल्या दोन दिवसांत ज्याच्या घरात चूल पेटत होती त्याने ज्याची विझली होती त्याला जेवू घातलं. तेव्हा कोणी कोणाची जात किंवा धर्म विचारला नाही. त्या वर्षी रमजान ऑक्टोबरात आला आणि दिवाळी-ईद एकाच आठवड्यात आल्या. मोठ्या मनाने दानधर्म झाला, फराळ वाटला, शिरखुर्मा वाटला. पण पूर जुलैत आला होता. मधल्या दोन-अडीच महिन्यांत ज्यांना कर्ज काढायचं होतं ते काढून झालं होतं.

२०१९ चा ऑक्टोबर-नोव्हेंबर. भात कापून शेतात पडलेलं आणि परतीचा पाऊस थांबेना. शहापूर-मुरबाडच्या शेतात उभ्या-आडव्या पिकाला कोंब फुटले. पेंढाही काळा पडला, म्हणजे गुरांचं वैरणही गेलं. राज्यात तेव्हा राष्ट्रपती राजवट होती. राज्यपालांनी खरीप पिकासाठी हेक्टरी आठ हजारांची मदत जाहीर केली. ऐकायला बरं वाटतं. पण आपल्याकडे पुष्कळांची जमीन गुंठ्यांत मोजायची. वीस गुंठेवाल्याच्या वाट्याला हेक्टरी आठ हजारांच्या दराने सोळाशे रुपये येतात. वर्षभराचा तांदूळ गेला आणि हाती सोळाशे. ज्याची जमीन दुसऱ्याच्या नावावर, तो फक्त कसतो, त्याला तेही नाही.

आणि २०२०. १८५५ साली कल्याणहून पुढे निघालेला लोहमार्ग पहिल्यांदा वाशिंदपर्यंत आला. तेव्हापासून या गावाचं पोट रेल्वेवर आहे. पहिल्या लोकलने मोगऱ्याच्या कळ्या, रानभाज्या आणि पळसाची पानं घेऊन कल्याण, ठाणे, दादरला जाणाऱ्या बायका, घरकाम करणाऱ्या, दुकानात मापं टाकणारे, बांधकामावरचे. २२ मार्चच्या रात्रीपासून लोकल थांबली. जून मध्यावर ती सुरू झाली तेव्हा फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी. पळसाची पानं अत्यावश्यक सेवेत बसत नाहीत.

त्या वर्षीचा रमजान २५ एप्रिलला सुरू झाला. मशिदी बंद होत्या, तरावीहची नमाज घरात झाली. आणि आपल्या दाराशी असलेल्या मुंबई-आग्रा महामार्गावरून माणसं चालत निघाली होती, डोक्यावर बोचकं, कडेवर मूल, उत्तर प्रदेशाच्या दिशेने. रोजा धरलेली पोरं भर उन्हात पाण्याच्या बाटल्या आणि बिस्किटं घेऊन रस्त्यावर उभी राहिली. शेजारच्या गावांतले तरुण भाकरी-चटणी घेऊन आले. कित्येक घरांनी त्या ईदला नवे कपडे शिवले नाहीत, तो पैसा शिध्यात गेला. तो रमजान मला सगळ्यांत जास्त रमजानसारखा वाटतो. कारण त्या वर्षी मदत आणि संकट एकाच तारखेला आले.

सरकारनेही त्या वर्षी आदिवासी कुटुंबांसाठी चार हजारांचं खावटी अनुदान मंजूर केलं, दोन हजार खात्यात आणि दोन हजारांचा किराणा. चांगलाच निर्णय. पण पुष्कळ घरांत ते पोहोचेपर्यंत पुढचं वर्ष उजाडलं होतं.

भट्टीवरचं कर्ज

आखडलेल्या ताटापासून सुरू झालेल्या पायऱ्यांची शेवटची पायरी कोणती, ते आपल्या परिसरात डोळ्यांसमोर आहे. दिवाळीनंतर वीटभट्ट्या पेटतात. कातकरी कुटुंबं वाडी सोडून भट्टीवर राहायला जातात, नवरा-बायको जोडीने. पण त्यांचा भट्टीवरचा प्रवास दिवाळीला सुरू होत नाही. तो पावसाळ्यात सुरू होतो, जेव्हा हाताला काम नसतं, घरात तांदूळ संपलेला असतो आणि पोराला ताप येतो. तेव्हा पुढच्या हंगामाची उचल घेतली जाते. तिला बयाणा म्हणतात. हंगामभर विटा पाडायच्या, आठवड्याला खर्चीपुरते पैसे घ्यायचे, आणि हिशेब शेवटी. हिशेबात उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी परत.

या भागाला ही गोष्ट नवी नाही. जुन्या ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी कर्ज काढणारा वारली माणूस सावकाराकडे राबायला बांधला जायचा. त्याला लग्नगडी म्हणत. लग्नाच्या चार दिवसांसाठी घेतलेला पैसा अख्खं आयुष्य खायचा. १९४५ मध्ये गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या सोबतीने वारली उभे राहिले आणि लग्नगडीची पद्धत मोडली. १९७६ मध्ये देशभर वेठबिगारी बंद करणारा कायदा झाला. तरीही पावसाळ्यातली दोन-तीन हजारांची नड माणसाला आजही कुठे नेऊ शकते, हे भट्टीवर गेल्यावर कळतं.

गेली काही वर्षं रमजान नेमका भट्टीच्या हंगामात येतो. आपण इफ्तारचं सामान भट्टीवर नेऊन देतो, मुलांना खजूर देतो. द्यावंच. पण त्या मुलांच्या बापाला त्याची खरी गरज ऑगस्टमध्ये होती.

आठ वाटे

आता थोडं जकातबद्दल, कारण माझ्या हिंदू मित्रांचा दरवर्षी प्रश्न असतो की हे नेमकं काय. ज्या मुसलमानाकडे ठराविक मर्यादेपेक्षा जास्त संपत्ती वर्षभर शिल्लक राहते, त्याने तिचा अडीच टक्के भाग काढून द्यायचा. लाखाला अडीच हजार. हा उपकार नसतो, घेणाऱ्याचा हक्क असतो.

ती कोणाला द्यायची हेही कुरआनात सूरह तौबामध्ये ठरवून दिलं आहे. असे आठ वाटे आहेत. गरीब आणि निराधार त्यात आहेतच. पण मला नेहमी थांबायला लावतात ते तीन: दुसऱ्याच्या ताब्यात अडकलेल्या माणसाची सुटका, कर्जात बुडालेला माणूस, आणि वाटेत अडलेला मुसाफिर. महामार्गावरून चालणारा मजूर, सराफाच्या दारातली ताई, भट्टीवर उचल फेडणारी जोडी. चौदाशे वर्षांपूर्वीची ही यादी वाशिंदच्या रस्त्यावर माणसं दाखवून वाचता येते. गरिबी म्हणजे नुसती भूक नाही, ती अडकणंही आहे, हे त्या यादीत धरलेलं आहे.

मग आपण काय करतो? जकात रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत काढतो, कारण या महिन्यात पुण्य जास्त. भावना खरी आहे. पण जकातचं वर्ष ज्याचं त्याचं वेगळं असतं, ती रमजानमध्येच द्यावी असं बंधन नाही. बहुतेक धर्मशास्त्रींच्या मते ती वर्ष पुरं होण्याआधी, आगाऊसुद्धा देता येते. म्हणजे जुलैत शेजारचं घर पाण्यात असेल तर पुढच्या रमजानची वाट पाहायची गरज नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. जकात मुसलमानांमधल्या गरजूंसाठीच असं बहुसंख्य उलेमा मानतात. पण सदका, म्हणजे मनाने दिलेलं दान, त्याला असं बंधन नाही. आणि कर्ज-ए-हसना, म्हणजे बिनव्याजी उसने पैसे, तेही कोणालाही देता येतात. ताईला दिलेले तीन हजार तेच होते. आणि गरिबाला दान घेताना मान खाली घालावी लागते, उसने घेताना ती ताठ राहते. ताईने शेवटचा पाचशेचा हप्ता दिला त्या दिवशी सोबत घरचे तांदळाचे पापड आणले होते. दान दिलं असतं तर ते पापड आले नसते.

आळीची पेटी

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने एक मोठी गोष्ट शिकली. रोजगार हमीच्या कामांनी लाखो घरं सावरली. त्यातून १९७७ चा कायदा झाला, आणि काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत ते मिळालं पाहिजे हे तत्त्व आलं. त्या कायद्यातला माझ्या मते सगळ्यांत शहाणा शब्द म्हणजे ती मुदत. भुकेल्या माणसाच्या मदतीला तारीख असते, हे सरकारने लिहून दिलं.

तशीच मुदत आपण आपल्या आळीला घालून घ्यावी. फार मोठं काही लागत नाही. चाळीस घरांनी महिना शंभर रुपये काढले तर महिन्याला चार हजार, वर्षाला अठ्ठेचाळीस हजार. तीन हजारांच्या हिशेबाने सोळा घरांची नड भागते, आणि एक पैसाही परत आला नाही तरी भागते. माझा अनुभव असा की बहुतेक पैसे परत येतात.

नियम थोडे आणि कडक असावेत. रक्कम लहान, पाच हजारांपर्यंत. निर्णय दोन माणसांचा, त्यातली एक बाई असावी, कारण घरातलं पीठ संपल्याचं बाईला आधी कळतं. पैसे त्याच दिवशी. व्याज नाही. फोटो नाही, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर नाव नाही. वही मात्र चोख. आणि घेणारा कोणत्या धर्माचा, हा प्रश्न वहीत नसावा. जकातचा पैसा या पेटीत मिसळू नये, त्याचा हिशेब वेगळा.

हे फक्त आमच्या मोहल्ल्यासाठी नाही. गणेशोत्सव मंडळांकडे वर्गणीतून शिल्लक राहते, बचत गटांकडे वही आणि शिस्त दोन्ही आहेत, रिक्षा स्टँडवर आपसातली वर्गणी चालतेच. पैसा आहे, विश्वासही आहे. तो रात्री चारला उघडता येईल असा ठेवायचा, एवढंच बाकी आहे.

मोठ्या संकटाला ही पेटी पुरणार नाही. कॅन्सरला पुरणार नाही, गेलेल्या पिकाला पुरणार नाही. त्यासाठी सरकारी योजनाच हव्यात आणि त्या वेळेवर मिळाव्यात म्हणून भांडायलाही हवं. पण योजनेचा कागद फिरत असतो त्या आठ-पंधरा दिवसांत घर सावकाराकडे जाऊ नये, इतकं काम ही पेटी करू शकते.

ईद झाली की आमच्या घरात पहाटेचा दिवा बंद होईल. आम्ही पुन्हा सहापर्यंत झोपू. यंदा मी आणि माझ्या बायकोने एक ठरवलं आहे. मागच्या चाळीत जाऊन ताईला सांगायचं की दिवा दिसला नाही तरी दार वाजव, आणि तुझ्या ओळखीच्या बायकांनाही सांग. वहीचं पहिलं पान तिनेच लिहावं, असंही मनात आहे. ती नाही म्हणणार नाही, असं वाटतं. हिशेबाला ती पक्की आहे.